आइ मियाझातो : कारकिर्दीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानी महिला गोल्फपटूंची नावं २०१९ नंतर आपल्याकडच्या क्रीडापानांवरही अधूनमधून झळकू लागली. हिनाको शिबुनो, आयाका फुरुए, माओ साइगो, मियु यामाशिता. या मुलींबद्दल वाचायला बसलं की थोड्याच वेळात आइ मियाझातो हे नाव समोर येतं आणि मग प्रश्न सुरू होतात. मेजर, म्हणजे वर्षातल्या सर्वांत मानाच्या मोजक्या स्पर्धांपैकी एकही, न जिंकलेल्या खेळाडूचं एवढं कौतुक कशासाठी? एकेकाळी जगात पहिली असलेली ती बत्तिसाव्या वर्षीच का थांबली? नेहमी विचारले जाणारे असे प्रश्न खाली एकत्र केले आहेत. गोल्फ फारसा न पाहणाऱ्यांसाठी जागोजागी थोडी फोडही केली आहे.

आइ मियाझातो नेमकी कोण?

जपानची निवृत्त व्यावसायिक गोल्फपटू. जन्म १९ जून १९८५, ओकिनावा बेटाच्या उत्तर भागातल्या हिगाशी या गावी. अमेरिकेच्या एलपीजीए टूरवर (महिला व्यावसायिकांची वर्षभराची स्पर्धामालिका) ९ आणि जपानच्या टूरवर १५ विजेतेपदं. त्या १५ पैकी एक तिनं हौशी खेळाडू म्हणून मिळवलं. जून २०१० मध्ये ती जागतिक क्रमवारीत पहिली आली. पुरुष असो वा स्त्री, गोल्फच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या क्रमांकावर पोहोचणारी ती पहिली जपानी व्यक्ती. २०१७ मध्ये तिनं खेळ थांबवला.

ओकिनावाच्या एवढ्याशा गावात गोल्फ कुठून आला?

घरातूनच. वडील मासारु मियाझातो हेच तिचे पहिले प्रशिक्षक आणि खरं तर शेवटपर्यंतचेही. तिच्याआधी त्यांनी कियोशी आणि युसाकु या दोन्ही मुलांना शिकवलं. दोघंही पुढे व्यावसायिक गोल्फपटू झाले. आइ धाकटी. भावांच्या मागे मागे सरावाच्या रेंजवर जाता जाता तिनं क्लब हातात धरला.

हिगाशी म्हणजे जंगल आणि अननसाचे मळे. लोकवस्ती दोन हजाराच्याही आत. टोकियोच्या महागड्या क्लबांशी या गावाचा काडीचा संबंध नाही. पण ओकिनावाची हवा मुख्य जपानपेक्षा उबदार. होक्काइदोतल्या पोराचा हिवाळा बर्फात जातो, तेव्हा ओकिनावातलं पोर हिरवळीवर असतं. या बेटानं आपल्या आकाराच्या मानानं बरेच गोल्फपटू दिले, त्यामागचं हे एक साधं कारण.

शाळेत असतानाच तिनं व्यावसायिकांची स्पर्धा जिंकली होती, हे खरं आहे का?

अगदी खरं. शाळेसाठी ती ओकिनावा सोडून उत्तरेकडच्या सेंदाई शहरात, तोहोकु हायस्कूलमध्ये दाखल झाली. मधला भाऊ युसाकु तिथल्याच तोहोकु फुकुशी विद्यापीठात शिकत होता. २००२ च्या बुसान आशियाई स्पर्धेत तिनं वैयक्तिक सुवर्णपदक मिळवलं, तेव्हाच जाणकारांचं तिच्याकडे लक्ष गेलं होतं. खरा स्फोट झाला तो सप्टेंबर २००३ मध्ये. सेंदाईच्याच मियागी प्रांतात भरलेल्या मियागी टीव्ही कप डनलॉप महिला ओपनमध्ये शाळेच्या शेवटच्या वर्गातल्या या मुलीनं भल्याभल्या व्यावसायिकांना मागे टाकून चषक उचलला. जपानच्या महिला टूरवर हौशी खेळाडूनं जिंकण्याची घटना तीस वर्षांनी घडत होती, आणि शाळकरी मुलीनं जिंकण्याची तर पहिल्यांदाच.

मग बक्षिसाची रक्कम तिला मिळाली का?

नाही. हौशी खेळाडूला बक्षिसाची रक्कम घेता येत नाही. चषक तिचा, धनादेश दुसरीचा. पण त्या विजयानं त्याहून मोठी गोष्ट हाती आली. एरवी जपानमध्ये व्यावसायिक व्हायला कठीण चाचणी द्यावी लागते. टूरवरचं विजेतेपद हाती असल्यानं तिला ती द्यावी लागली नाही. काही आठवड्यांतच ती व्यावसायिक झाली. शाळेचा शेवटचा वर्ग अजून संपायचा होता.

जपानमध्ये तिचं एवढं वेड कशामुळे पसरलं?

आधी पार्श्वभूमी. २००० ते २००५ अशी सलग सहा वर्षं जपानच्या महिला टूरवर कमाईत युरी फुदोउ पहिली होती. अफाट खेळाडू, पण प्रसिद्धीच्या झोतापासून लांब राहणारी. पुरुषांच्या टूरच्या तुलनेत महिला टूर काहीसा झाकोळलेलाच होता. त्यात अचानक ही अठरा वर्षांची मुलगी आली. हसतमुख, उन्हानं रापलेली, कॅमेऱ्यासमोर न बुजणारी.

व्यावसायिक म्हणून तिचा पहिला विजय मार्च २००४ मध्ये डायकिन ऑर्किड स्पर्धेत आला, तोही ओकिनावात, घरच्या माणसांसमोर. हंगामाची ती पहिलीच स्पर्धा. त्या वर्षी तिनं एकूण पाच स्पर्धा जिंकल्या आणि १२ कोटी येनहून जास्त कमावले. पदार्पणाच्या हंगामात दहा कोटींचा टप्पा ओलांडणारी ती जपानची पहिली महिला गोल्फपटू. कमाईच्या यादीत पुढे फक्त फुदोउ. तिच्याच वयाची, कागोशिमाची साकुरा योकोमिनेही त्याच सुमाराला टूरवर आली. मग ‘आइ-चान’ आणि ‘साकुरा-चान’ ही जोडी वर्तमानपत्रांना रोजची बातमी पुरवू लागली.

२००५ मध्ये आणखी सहा विजय. त्यात योकोहामाच्या तोत्सुका मैदानावरचं जपान महिला ओपन. विसाव्या वर्षी ही स्पर्धा जिंकणारी ती तोवरची सर्वांत तरुण विजेती. दोरीपलीकडे तेव्हा हजारोंची गर्दी असे. त्याआधी फेब्रुवारीत तिनं रुइ किताडाच्या साथीनं दक्षिण आफ्रिकेत महिला गोल्फचा पहिलावहिला विश्वचषकही जपानला मिळवून दिला होता.

घरी एवढं सगळं मिळत असताना ती अमेरिकेला कशाला गेली?

हा प्रश्न जपानी महिला गोल्फमध्ये आजही विचारला जातो आणि तो रास्तच आहे. जपानचा टूर श्रीमंत आहे. जवळजवळ दर आठवड्याला स्पर्धा, चांगली बक्षिसं, ओळखीचं जेवण, स्वतःची भाषा, रात्री घरी परतता येईल इतकं अंतर. अमेरिकेत नव्या खेळाडूच्या वाट्याला विमानतळ, मोटेल आणि अनोळखी गवत येतं. कितीतरी गुणी जपानी खेळाडू म्हणूनच कधी बाहेर पडल्या नाहीत आणि त्यांना दोष देण्याचं कारण नाही.

मियाझातो गेली, कारण तिला जगात पहिलं व्हायचं होतं, आणि ते जपानमध्ये राहून होणार नव्हतं. डिसेंबर २००५ मध्ये फ्लोरिडातल्या डेटोना बीचला एलपीजीएच्या पात्रता स्पर्धेत ती पाच फेऱ्या खेळली आणि तब्बल १२ फटक्यांच्या फरकानं पहिली आली. पात्रता स्पर्धेत हा विक्रमच होता. इंग्रजी शिकली, दुभाष्याशिवाय मुलाखती देऊ लागली. सहकारी खेळाडूंमध्ये ती लोकप्रिय झाली यात या गोष्टीचा वाटा मोठा.

अमेरिकेत पहिला विजय मिळायला साडेतीन वर्षं का लागली?

सुरुवात वाईट नव्हती. २००६ मध्ये मेजर दर्जाच्या एलपीजीए चॅम्पियनशिपमध्ये ती संयुक्त तिसरी आली. मधल्या काळात जपानला जाऊन तिथली एलपीजीए चॅम्पियनशिपही जिंकून आली. जुलै २००७ मध्ये न्यूयॉर्कजवळ झालेल्या एचएसबीसी मॅच प्लेच्या (एकास एक लढतींची स्पर्धा) अंतिम लढतीपर्यंत पोहोचली. तिथे कोरियाच्या सिऑन ह्वा लीनं तिला हरवलं.

आणि त्यानंतर ड्रायव्हर हरवला. म्हणजे क्लब पिशवीत होता, फटका गेला. ड्रायव्हर हा सर्वांत लांब क्लब. होलची सुरुवात बहुधा त्यानं होते. त्याचा फटका कुठे जाणार याची खात्री उरली नाही की बाकी सगळा खेळ कोलमडतो, कारण पुढचा प्रत्येक फटका झाडीतून, वाळूतून किंवा दंडाचा फटका मोजून खेळावा लागतो. एक-दोन वाकडे फटके कुणाचेही जातात. इथे प्रकरण त्यापलीकडे गेलं. टीवर, म्हणजे होल जिथून सुरू होतो त्या जागी, उभं राहायचीच भीती वाटू लागली. २००७ चा उत्तरार्ध आणि २००८ चं बरंचसं वर्ष यात गेलं. जपानहून आलेला पत्रकारांचा तांडा रोज मागे होताच आणि रोज त्याच प्रश्नांची उत्तरं द्यावी लागत होती.

तिच्या कारकिर्दीवर लिहिताना बहुतेक जण या दीड वर्षाला दोन ओळींत गुंडाळतात आणि २०१० कडे धावतात. मला ते पटत नाही. विसाव्या वर्षी देशाची लाडकी झालेली खेळाडू बाविसाव्या वर्षी चेंडू सरळ मारू शकत नाही, आणि तरी दर आठवड्याला नाव नोंदवून पहिल्या टीवर उभी राहते, हे पाच विजयांच्या हंगामापेक्षा कठीण काम आहे.

त्यातून ती बाहेर कशी आली?

स्विंगचे तुकडे करून नव्हे. यात पिया निल्सन आणि लिन मॅरियट या दोन प्रशिक्षकांचा हात होता. निल्सन या स्वीडनच्या. त्यांनीच अनिका सोरेनस्टामला स्वीडिश राष्ट्रीय संघात घडवलं होतं. दोघींच्या पद्धतीचं नाव ‘व्हिजन ५४’. अठराच्या अठरा होलवर बर्डी, म्हणजे पारपेक्षा (ठरवून दिलेल्या फटक्यांपेक्षा) एक फटका कमी घेतला, तर बहात्तर पारच्या मैदानावर ५४ फटके होतात. आजवर कुणी केलेलं नाही, पण करता येणारच नाही असं धरून का चालायचं, हा त्यामागचा विचार.

रोजच्या खेळात ही पद्धत फार साधी दिसते. चेंडूच्या मागे एक काल्पनिक रेषा. रेषेच्या अलीकडे हवा तेवढा विचार करा: वारा कुठला, अंतर किती, क्लब कोणता. निर्णय झाला की रेषा ओलांडायची, आणि ओलांडल्यावर विचार बंद. पलीकडे फक्त शरीरानं फटका मारायचा. ज्या खेळाडूचा ड्रायव्हर डोक्यात अडकलेला होता, तिला नेमकं हेच हवं होतं.

दुसरी गोष्ट लयीची. तिचा सराव पाहणारे थबकत. अतिशय संथ गतीत ती पूर्ण स्विंग करी, कधी डोळे मिटून. क्लब मागे जातो आहे की नाही अशी शंका यावी इतका सावकाश. स्पर्धेतही तिचा बॅकस्विंग टूरवरच्या बहुतेकींपेक्षा निवांत असे. नागपूरच्या मे महिन्यात छताचा पंखा एकवर फिरावा तसा. वेग यायचा तो अगदी खाली, चेंडूपाशी.

पहिला विजय कुठे मिळाला?

फ्रान्समध्ये, जिनिव्हा सरोवराच्या काठावर, एव्हियां मास्टर्स स्पर्धेत. तारीख २६ जुलै २००९. चार फेऱ्यांअखेर ती आणि स्वीडनची सोफी गुस्टाफसन १४ अंडरवर, म्हणजे पारपेक्षा १४ फटके कमी घेऊन, बरोबरीत. बरोबरी मोडण्यासाठीच्या प्लेऑफच्या पहिल्याच होलवर मियाझातोनं बर्डी केली आणि साडेतीन वर्षांचा हिशेब संपला. हे ठिकाण लक्षात ठेवा, पुढे दोनदा लागणार आहे.

२०१० मध्ये नेमकं काय घडलं?

फेब्रुवारीत थायलंडच्या पट्टायाजवळ हंगामाची पहिली स्पर्धा. शेवटच्या दिवशी ६३ फटके, आणि सुझान पेटरसनवर एका फटक्यानं मात. पुढच्याच आठवड्यात सिंगापूर, तिथेही तीच. हंगामाच्या पहिल्या दोन्ही स्पर्धा एकाच खेळाडूनं जिंकण्याची घटना १९६६ नंतर पहिल्यांदाच घडत होती.

मेच्या सुरुवातीला मेक्सिकोतल्या मोरेलियात ट्रेस मारियास स्पर्धा झाली. ही साधी स्पर्धा नव्हती. तीन वर्षं जगात पहिली असलेली लोरेना ओचोआ आपल्या मायदेशात तिथे निरोप घेत होती. सगळी गर्दी ओचोआची, सगळे अश्रू ओचोआसाठी, आणि चषक मियाझातोचा. ओचोआ गेल्यावर पहिली जागा रिकामी झाली. आधी ती कोरियाच्या जिआय शिनकडे गेली. जूनमध्ये न्यू जर्सीतली शॉपराइट क्लासिक जिंकून २१ जूनच्या क्रमवारीत मियाझातो पहिली झाली. ऑगस्टमध्ये ओरेगनमधली सेफवे क्लासिक हा वर्षातला पाचवा विजय.

ती किती काळ पहिली होती?

एकूण ११ आठवडे, तेही तुकड्यातुकड्यांत. पहिल्यांदा पोहोचली तेव्हा मुक्काम एकाच आठवड्याचा ठरला, कारण लगेच पुढच्या रविवारी क्रिस्टी करनं एलपीजीए चॅम्पियनशिप १२ फटक्यांनी जिंकली आणि जागा घेतली. त्या उन्हाळ्यात शिन, कर आणि मियाझातो या तिघींत संगीतखुर्चीच चालली होती. वर्षाच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान मात्र तिघींपैकी कुणालाच मिळाला नाही. तो तैवानच्या यानी त्सेंगला गेला. सर्वाधिक कमाई कोरियाच्या ना यिऑन चोईची. एका वर्षात पाच दावेदार असलेला असा हंगाम महिला गोल्फमध्ये विरळाच.

उंची फक्त १५५ सेंटिमीटर, चेंडूही फार लांब जात नव्हता. मग ती जिंकायची कशी?

हा प्रश्न मला सर्वांत आवडतो. लांब मारणाऱ्या मुली तिला टीवरूनच बऱ्याच यार्डांनी मागे टाकत. त्या आठ किंवा नऊ नंबरच्या आयर्ननं ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवतावर, येत, तिथे तिला लांब पल्ल्याचा हायब्रिड क्लब काढावा लागे. अशा खेळाडूला तीन गोष्टी पक्क्या लागतात: चेंडू मोकळ्या हिरवळीत राहिला पाहिजे, लांबून मारलेला फटका ग्रीनवर थांबला पाहिजे आणि पटिंग, म्हणजे चेंडू होलमध्ये ढकलणं, चाललं पाहिजे. ऐन भरात असताना तिच्याकडे तिन्ही होत्या. संथ लयीमुळे अंतराचा अंदाज क्वचित चुके. ग्रीनवर ती फार वेळ घेत नसे. रेघ पाहिली, उभी राहिली, चेंडू ढकलला.

याचा व्यत्यासही खरा आहे. लांब मारणाऱ्याचं पटिंग बिघडलं तरी तो निभावून नेतो. तिच्यासारखीचं पटिंग बिघडलं तर हातात काही उरत नाही. २०१२ नंतर नेमकं तेच झालं.

एकही मेजर कशी काय नाही?

तीन वेळा संयुक्त तिसरी: २००६ ची एलपीजीए चॅम्पियनशिप, २००९ ची ब्रिटिश ओपन, २०१० ची पुन्हा एलपीजीए चॅम्पियनशिप. त्यातल्या २०१० च्या स्पर्धेत तर करनं सगळ्यांनाच मागे सोडलं होतं, तिथे कुणाचंच काही चाललं नसतं. मेजरची मैदानं लांब असतात, रफ, म्हणजे कडेचं गवत, दाट ठेवतात. आखूड मारणाऱ्या खेळाडूला अशा आठवड्यात चुकायला जागाच राहत नाही.

आता त्या एव्हियांकडे या. २००९ मध्ये तिनं ती स्पर्धा जिंकली. २०११ मध्ये स्टेसी लुइसला दोन फटक्यांनी मागे टाकून पुन्हा जिंकली. तेच मैदान, तेच सरोवर. आणि २०१३ पासून एलपीजीएनं त्याच स्पर्धेला मेजरचा दर्जा दिला. तिचे दोन्ही विजय दोन-चार वर्षं आधीचे, म्हणून मेजरच्या रकान्यात शून्य. एव्हियां तेव्हाही बक्षिसाच्या रकमेत टूरवरच्या अग्रगण्य स्पर्धांपैकी होती आणि जगातल्या जवळपास सगळ्या मोठ्या खेळाडू तिथे उतरत. त्यामुळे ‘मेजर नाही म्हणजे दुय्यम’ हा हिशेब तिच्या बाबतीत लावणाऱ्यांनी आधी दिनदर्शिका पाहावी.

मिका मियाझातो तिची बहीण का?

नाही. आडनाव एक, बेट एक, नातं काही नाही. मियाझातो हे ओकिनावात नेहमी आढळणारं आडनाव आहे. मिका राजधानी नाहाची, चार वर्षांनी लहान. गोंधळ वाढायला २०१२ ची आर्कान्सास स्पर्धाही कारण झाली. तिथे आइ जिंकली आणि एका फटक्यानं मागे राहिलेल्या दोघींपैकी एक मिका. धावफलकावर वरच्या दोन ओळींत तेच आडनाव! मिकानं त्याच वर्षी सेफवे क्लासिक जिंकून आपला हिशेब चुकता केला.

भावांचं पुढे काय झालं?

कियोशी आणि युसाकु दोघंही जपानच्या पुरुष टूरवर खेळले. युसाकुची गोष्ट सांगण्यासारखी आहे. २००६ मध्ये अमेरिकेतल्या रीनो-टाहो ओपनमध्ये त्यानं एकाच फेरीत दोन होल-इन-वन मारले. पण घरच्या टूरवरचा पहिला विजय मिळायला त्याला २०१३ उजाडावं लागलं. धाकटी बहीण तोवर जगात पहिली होऊन गेली होती. मग २०१७ मध्ये, बहीण निवृत्त झाली त्याच हंगामात, तो जपानच्या पुरुष टूरवर कमाईत पहिला आला.

२०११ च्या भूकंपाशी तिचं नाव का जोडलं जातं?

११ मार्च २०११ च्या भूकंपाचा आणि त्सुनामीचा सर्वांत मोठा तडाखा तोहोकु भागाला बसला. सेंदाई तिथलंच, म्हणजे तिच्या शाळेचं शहर. त्या वेळी ती अमेरिकेत होती. तिनं मिका मियाझातो आणि मोमोको उएदा यांच्यासह ‘माकेरु-ना निप्पोन’ नावानं मदतनिधी उभारला. ‘जपान, हार मानू नकोस’ असा त्याचा आशय. टूरवरच्या इतर खेळाडूंनीही त्याला हातभार लावला. त्याच वर्षी १७ जुलैला जपानच्या महिला फुटबॉल संघानं विश्वचषक जिंकला आणि पुढच्याच रविवारी मियाझातोनं एव्हियां. वर्षभर वाईट बातम्या ऐकणाऱ्या देशाला लागोपाठ दोन रविवार चांगले मिळाले.

ती ऑलिंपिक खेळली का?

नाही. गोल्फ ऑलिंपिकमध्ये परतला तो २०१६ मध्ये, रिओत. तोवर तिचा भर ओसरला होता. जपानकडून हारुक्यो नोमुरा आणि शिहो ओयामा गेल्या.

एवढ्या लवकर निवृत्त का झाली? दुखापत होती का?

नव्हती. २०१२ मध्ये तिनं हवाईतली लोटे चॅम्पियनशिप आणि आर्कान्सास अशा दोन स्पर्धा जिंकल्या. बाहेरून पाहता सगळं ठीक होतं. पण त्यानंतर पटरनं दगा दिला आणि त्याहीपेक्षा आतली ऊर्मी आटत गेली. २९ मे २०१७ रोजी टोकियोत पत्रकारांसमोर तिनं तेच सांगितलं: खेळायची प्रेरणा टिकवणं जमेनासं झालं आहे. दुखापतीचं, घरगुती अडचणीचं कारण पुढे करता आलं असतं. तिनं केलं नाही.

जपानमधली अखेरची स्पर्धा त्याच जूनमध्ये कोबेजवळ, सनटोरी लेडीज ओपन. आणि कारकिर्दीतली अखेरची सप्टेंबरमध्ये, पुन्हा एव्हियां. या वेळी मेजर म्हणून. पावसापाण्यामुळे ती स्पर्धा तीन फेऱ्यांचीच झाली, विजेती ॲना नॉर्डक्विस्ट.

तिच्याआधी जपानकडून मोठं कुणीच नव्हतं का?

होत्या, आणि त्यांचा विसर पडतो हे बरं नाही. हिसाको हिगुची, अमेरिकेत ‘चाको’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या. त्यांनी १९७७ मध्ये एलपीजीए चॅम्पियनशिप जिंकली, म्हणजे जपानची पहिली मेजर.

मग आयाको ओकामोतो, हिरोशिमा प्रांतातल्या. मूळच्या सॉफ्टबॉलच्या डावखुऱ्या पिचर. विशी ओलांडल्यावर गोल्फकडे वळल्या आणि गोल्फ उजव्या हातानं खेळल्या. एलपीजीएवर १७ विजय. १९८७ मध्ये त्या वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडू ठरल्या. अमेरिकेबाहेरच्या खेळाडूला हा मान पहिल्यांदाच मिळत होता. त्याच वर्षी यूएस महिला ओपनच्या तिघींच्या प्लेऑफमध्ये लॉरा डेव्हिस जिंकली आणि ओकामोतोंची मेजर हुकली. निव्वळ विजयांच्या संख्येत ओकामोतो मियाझातोच्या पुढे आहेत. जपानची सर्वश्रेष्ठ महिला गोल्फपटू कोण, असं विचाराल तर माझं मत ओकामोतोंना. मियाझातोचं मोठेपण वेगळ्या जागी आहे, ते पुढच्या उत्तरात.

‘सुवर्ण पिढी’ आणि मियाझातो यांचा काय संबंध?

१९९८-९९ च्या सुमारास जन्मलेल्या जपानी खेळाडूंना ‘ओगोन सेदाई’, सुवर्ण पिढी म्हणतात. मियाझातोनं शाळकरी वयात स्पर्धा जिंकली तेव्हा या मुली बालवाडीत होत्या. टीव्हीवर आइ-चान पाहून, आईवडिलांचा हात धरून रेंजवर गेलेली ही पोरं. मिनामी कात्सुनं २०१४ मध्ये पंधराव्या वर्षी, हौशी असताना टूरवरची स्पर्धा जिंकली. नासा हाताओकानं २०१६ मध्ये सतराव्या वर्षी जपान महिला ओपन जिंकलं, तेही हौशी म्हणूनच. मियाझातोचे दोन्ही विक्रम असे मोडले. हाताओकाचा अमेरिकेतला पहिला विजय २०१८ मध्ये आर्कान्सासला झाला, जिथे सहा वर्षांपूर्वी दोन मियाझातो झुंजल्या होत्या.

२०१९ मध्ये हिनाको शिबुनोनं वोबर्नला ब्रिटिश ओपन जिंकून ४२ वर्षांनी जपानला मेजर मिळवून दिली. २०२४ मध्ये युका सासोनं यूएस ओपन जिंकली आणि आयाका फुरुएनं एव्हियां. होय, तीच एव्हियां, आता मेजर. २०२५ मध्ये माओ साइगोनं शेव्हरॉन चॅम्पियनशिप पाच जणींच्या प्लेऑफमध्ये आणि मियु यामाशितानं रॉयल पोर्थकॉलला ब्रिटिश ओपन घेतली. यामाशिताची उंची जेमतेम १५० सेंटिमीटर. ठेंगण्या मुलीनं जगात पहिलं होणं शक्य आहे की नाही, हा प्रश्न तिच्या पिढीला पडलाच नसावा. त्याचं उत्तर २०१० मध्येच मिळालं होतं.

भारतीय वाचकाला यात ओळखीचं काही?

तोक्यो ऑलिंपिक आठवा. ऑगस्ट २०२१, कासुमिगासेकी कंट्री क्लब, शनिवारची सकाळ. आपल्याकडे एरवी गोल्फ न पाहणारेही त्या दिवशी पहाटे टीव्हीसमोर बसले होते, कारण बंगळूरची अदिती अशोक पदकाच्या उंबरठ्यावर होती. ती चौथी आली. तिच्या पुढे रौप्यपदक घेऊन गेली ती जपानची मोने इनामी, सुवर्ण पिढीच्या पाठोपाठ आलेली. अदितीसुद्धा टीवरून मागे राहून पटरनं भरपाई करणारी खेळाडू आहे. मियाझातोचा खेळ का आवडावा हे समजून घ्यायला भारतीय प्रेक्षकाला तो एक शनिवार पुरेसा आहे.

ती आता काय करते?

स्पर्धा खेळत नाही. कारकिर्दीत सनटोरी ही तिची प्रमुख प्रायोजक होती आणि २०१८ पासून सनटोरीच्या स्पर्धेचं नावच ‘मियाझातो आइ सनटोरी लेडीज ओपन’ आहे. दर जूनमध्ये ती तिथे यजमान म्हणून असते, आणि तिच्या नावाचा चषक घ्यायला मैदानात उतरणाऱ्या बहुतेक मुली तिच्या पहिल्या विजयाच्या वेळी शाळेतही गेलेल्या नव्हत्या.